पुढच्या बाजारी

छाया गेल्यापासून तिची छत्री दाराच्या मागे उभी होती. बाजारात भाजीवाले जमिनीत रोवतात तसली मोठी छत्री. रोज दार उघडताना माझा खांदा तिला लागायचा. मी ती हलवली नव्हती.

माझं नाव रतन. भोर आगारात एसटीवर ड्रायव्हर होतो, आता निवृत्त आहे. गाव मार्गासनी. तिथं धाकटा भाऊ संजय भातशेती बघतो. आम्ही दोघं भोरला राहिलो ते छायाच्या नोकरीमुळे. ती कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवायची. पदवी झालेली मुलंमुली, काही लग्न झालेल्या बायकाही, एक वर्ष तिच्याकडे शिकायच्या आणि मग शाळेत, कॉलेजात, गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागायच्या. तो विभाग तिनेच सुरू केला. मागच्या थंडीत ती आजारी पडली. पुण्याच्या दवाखान्यात नेली होती. घरी परत आली नाही.

यंदा गणपती बसायच्या आधी वैष्णवी घरी आली. ही छायाची विद्यार्थिनी. आता विभागाची प्रमुख तीच आहे. छाया गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आली होती, त्यानंतर आत्ताच.

"काका, मॅडमचा एक चांगला फोटो पाहिजे. मोठा करून विभागात लावायचाय."

"घे की. कपाटात आहेत."

फोटो निवडून झाला तरी ती उठेना. मी चहा टाकला. मग तिने पिशवीतून कागद काढला.

"गणपती उठले की तपासणीची समिती येणार आहे. त्यांना भिंतीवर फलक लागतो. विभागाची ओळख काय, विभाग कशासाठी आहे, असं."

"एवढी वर्षं चाललाय, आणि आता विचारतात कशासाठी?"

"विचारतात काका. प्रवेश कमी झालेत. पोरं म्हणतात, सगळं मोबाईलवर मिळतं, मग ग्रंथपाल कशाला? समितीला पटलं नाही तर आम्हाला कॉम्प्युटर विभागात घालतील. प्राचार्य तर म्हणतात, नावातून 'ग्रंथालय' काढूनच टाका. 'माहिती व्यवस्थापन' ठेवा. ऐकायला बरं वाटतं."

"आणि फलकावर काय लिहिलंस?"

तिने वाचून दाखवलं. "माहितीयुगाच्या महासागरात समाजाला दिशा देणारे दीपस्तंभ घडविणे."

मी म्हटलं, "भोरात समुद्र कुठला?"

ती हसली, पण थोडंच. "असंच लिहावं लागतं काका. सगळ्या कॉलेजांचं असंच असतं. आणि हे मॅडमच्या फोटोखाली. बघा, आवडतंय का."

कागदावर लिहिलं होतं, 'पुस्तकांनी मला घडवले आणि मी पुस्तकांची झाले.' खाली छायाचं पूर्ण नाव.

"हे ती कधी म्हणाली?"

"म्हणाल्या नाहीत. पण म्हणाल्या असत्या."

"नसती म्हणाली. जुन्या पुस्तकाच्या धुळीने तिला शिंका यायच्या. रुमाल बांधून बसायची."

"काका, समितीला संस्थापकांचं काहीतरी वचन दाखवायला लागतं. मॅडम असं काही बोलायच्या का घरी? कामाबद्दल?"

मी आठवून पाहिलं. घरी ती डाळीबद्दल बोलायची, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल बोलायची. कामाबद्दल वाक्य असं काही नाही. मी तसं सांगितलं. पण हे वाक्य तिच्या नावावर लावू नको, असंही सांगितलं. वैष्णवीने कागद घडी करून परत ठेवला. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला रात्री जेवण गेलं नाही. उद्या भिंतीवर छाया असेल आणि तिच्या तोंडी भलतंच कुणाचं तरी बोलणं असेल, हे मला सोसेना.

गणपतीत मी मार्गासनीला गेलो होतो. भात पोटरीला आलं होतं. संजय म्हणाला, वेल्ह्याचा बाजार आहे, सुकट घेऊन ये. म्हणून गेलो. छाया गेल्यावर त्या बाजारात पाय ठेवला नव्हता.

त्याला कारण ही छत्री. छाया त्या त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना घेऊन दर आठवड्याला वेल्ह्याच्या बाजारात बसायची. छत्रीला पाटी अडकवायची, त्यावर एकच शब्द, 'विचारा'. कुणीही यावं, काहीही विचारावं. विद्यार्थ्याने 'माहीत नाही' म्हणायचं नाही. 'बघून सांगतो' म्हणायचं, आणि पुढच्या बाजारी स्वतः येऊन सांगायचं. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं तहसीलमधून आलेत. रेशनकार्ड आणि सातबारा घेऊन रांग लागली. एकाने तर बैलाला लस कधी टोचणार ते विचारलं. मुलं हिरमुसली. कॉलेजात प्राचार्य रागावले, आपण काय सेतू कार्यालय आहोत का म्हणाले. छाया म्हणाली, त्यांनी विचारलं ना, मग शोधा. मी निवृत्त झाल्यावर छत्री न्यायचं आणि रोवायचं काम माझ्याकडे आलं.

सुकट घेत होतो तेवढ्यात मागून हाक आली.

"ए डायव्हर! हिकडं बघ की."

बाळाबाई होती. डोंगराकडच्या एका वाडीतून येते, अंडी आणि वालाच्या शेंगा विकते. माझ्या गाडीने वर्षानुवर्षं आलेली. सत्तरीच्या पुढची, पण टोपली अजून डोक्यावरच आणते.

"कुठं व्हता एवढं दिस? आन ती तुझी छत्रीवाली बाई कुठंय? मला म्हणली पुढच्या बाजारी सांगते. म्या दर बाजारी बघतीय. छत्री न्हाई, बाई न्हाई."

मी सांगितलं, "मावशी, ती गेली."

"कुठं?"

मग तिलाच कळलं. तिने टोपली बाजूला केली आणि मला बसायला जागा दिली. एक गिऱ्हाईक अंडी विचारायला आलं, त्याला हाताने पुढे जा म्हणून खुणावलं.

मग म्हणाली, "वाईट झालं. लई वाईट झालं. मंग माझं काय?"

मला हसू आलं. फार दिवसांनी आलं. "काय विचारलं होतंत तुम्ही?"

तिने सांगितलं. बाळाबाईचं माहेर धरणात गेलं. ती वाडी पाण्याखाली जायच्या आधी तिथल्या देवळात शाळा भरायची. शिकवायला एक बाई होती, बाहेरून आलेली, एकटी राहायची. बाळाबाईला तिनेच अक्षरं शिकवली. मग गाव उठलं, माणसं पांगली, बाई कुठे गेली ते कुणाला कळलं नाही.

"पितरांच्या दिसात म्या समद्यांची पानं वाढते. आईचं, बापाचं, दिराचं. पान वाढताना नाव घ्यावं लागतंय. त्या बाईचं पान मांडते, पर नाव येत न्हाई. आमी तिला बाईच म्हणायचो. नुसतं बाई म्हणून पान वाढलं तर जगात काय कमी बाया हायत? कुणाला पोचायचं त्ये? मला तिचं नाव पायजे."

"आता तर पितृपक्ष आलाच."

"मंग? लवकर बघ की."

मी म्हणून गेलो, "पुढच्या बाजारी सांगतो."

का म्हणालो, मला माहीत नाही. छायाचं ऐकून ऐकून तोंडात बसलं असेल. पण एकदा बोललो म्हणजे बोललो. तिचा शब्द पुरा व्हायचा राहिला होता, आता माझाही त्यात अडकला.

दुसऱ्या दिवशी भोरला येऊन थेट विभागात गेलो. वैष्णवी पेंटरशी बोलत होती. फलक पांढरा रंगवून भिंतीला टेकवला होता. मी तिला सगळं सांगितलं. तिने पेंटरला थांबायला सांगितलं आणि खुर्चीवर बसली.

"मॅडमनी तो प्रश्न घेतला होता?"

"हो. दिवाळीनंतरच्या बाजारात. मग आजारपणच सुरू झालं."

"काका, समिती तोंडावर आहे."

"माहीत आहे."

तिने कपाळाला हात लावला. मग आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "नूतन, जरा बाहेर ये."

नूतन सारोळ्याची. घरी लेक, सासू, दुकान, सगळं सांभाळून एसटीने रोज येते. वर्गात तीच जरा थोराड. प्रश्न ऐकून म्हणाली, "धरणात गेलेल्या शाळेचं दप्तर कुठं गेलं असेल, ते आधी बघू."

मग त्या दोघी लागल्या कामाला. मी बरोबर फिरलो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. वाडीच्या शाळेचं दप्तर जवळच्या मोठ्या गावच्या शाळेत हलवलं होतं. तिथं एक पेटी निघाली, पण हजेरीपटाला वाळवी लागली होती. पुण्याला कचेरीत जुन्या नेमणुकांच्या याद्या होत्या, त्यात त्या वर्षांची पानं अर्धी होती. नूतनने शिक्षकांच्या एका जुन्या स्मरणिकेतून काही नावं काढली. वाडीतून उठून दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या लोकांना वैष्णवीने फोन लावले. एका म्हाताऱ्याने सांगितलं, बाई गोरी होती आणि कडक होती. नाव? नाव बाई.

शेवटी तिघींची नावं राहिली. कमळाबाई, मनोरमा आणि द्वारका. त्या भागात त्या वर्षांत तिघी शिकवत होत्या. पण त्या वाडीत कोण होती, ते कुठेही लिहिलेलं सापडलं नाही.

आठवडा सरत आला. एका संध्याकाळी विभागात बसलो होतो. समिती दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि त्याच दिवशी बाजार होता.

मी म्हटलं, "वैष्णवी, एक नाव सांगून टाकू या."

"कोणतं?"

"कोणतंही. मनोरमा. म्हातारीला काय कळणार आहे? तिचं समाधान होईल. आयुष्यभर बिननावाचं पान वाढतेय बिचारी."

"नाही काका."

"कुणाचं काय बिघडतं त्यात?"

"नाही म्हणजे नाही. सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणून सांगायचं. कुठं कुठं बघितलं तेही सांगायचं. असं नाव चिकटवलं असतं तर मॅडमनी मला वर्गाबाहेर काढलं असतं. एकदा काढलंही होतं. एकाने विचारलं होतं गावातली बारव कुणी बांधली, आणि मी अंदाजाने एक नाव सांगून टाकलं. मॅडम मला घेऊन परत बाजारात गेल्या, त्या माणसाला शोधला आणि माझ्या तोंडून सांगायला लावलं की मी खोटं सांगितलं."

हे बोलता बोलता ती थांबली. टेबलावर छायाचा मोठा केलेला फोटो होता. त्याखाली छापलेली पट्टी होती, पुस्तकांनी मला घडवले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फोटोकडे पाहिलं. नूतनला काय झालं ते कळेना.

वैष्णवीने पट्टी उचलली, दुमडली आणि खणात टाकली.

"उद्या कोण जाणार वेल्ह्याला?" नूतनने विचारलं.

मी म्हटलं, "मीच जातो. तुमची समिती आहे."

"तुम्ही चालणार नाही," वैष्णवी म्हणाली. "शोधणाऱ्याने जायचं असतं. प्रश्न विभागाने घेतला होता. नूतन, तू जा. काका सोबतीला असतील."

"पण मॅडम, समितीला सगळे हजर लागतात. प्राचार्यांनी मोजून सांगितलंय. एक जरी कमी दिसला तर..."

"ते मी बघते."

तिच्या आवाजात जोर नव्हता. विभाग राहिला नाही तर तिची नोकरीही तिथं राहणार नव्हती, हे मला माहीत होतं.

सकाळी मी दाराच्या मागची छत्री काढली. तिच्यावर कोळ्याची जाळी होती, ती पुसली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "काय रतनराव, दुकान टाकलं का काय?" माझ्या वेळचाच माणूस. त्याने छत्रीचं तिकीट फाडलं नाही.

बाजारात नेहमीच्या जागी छत्री रोवली. नूतनने पाटी अडकवली. बाळाबाई लांबूनच उठून आली, टोपली शेजारणीवर टाकून.

"सापडली?"

नूतन तिच्या शेजारी खाली बसली. "आजी, नक्की नाव न्हाई सापडलं." मग तिने सगळं सांगितलं. पेटी, वाळवी, पुण्याची कचेरी, फोन. बाळाबाई मध्येच विचारत होती. पेटी कुणाकडं व्हती? म्हातारा कोण, पाटलाच्या घरचा का? गोरी व्हती म्हणला? व्हय, गोरी व्हती. कडक बी व्हती. छडी मारायची न्हाई, पर बघायची अशी.

शेवटी नूतन म्हणाली, "तिघींची नावं निघाली. यातली एक असंल. न्हाईतर यातली एक बी नसंल. खोटं न्हाई सांगत."

"सांग तरी."

"कमळाबाई. मनोरमा. द्वारका."

बाळाबाईने डोळे मिटले. मला वाटलं आता एखादं नाव ओळखीचं लागेल. तिने तिन्ही पुन्हा म्हणून पाहिली. मग मान हलवली.

"न्हाई येत ध्यानात. लई वर्सं झाली." ती बोटांवर तिन्ही नावं मोजत बसली. मग म्हणाली, "जाऊ दे. तिघींची बी नावं घेते. दोघी उगाच जेवतील. जेवू दे की. बायकांना कोण बसवून वाढतंय?"

नूतन हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. बाळाबाईने तिच्याकडून नावं परत परत म्हणून घेतली, पाठ होईपर्यंत. मग माझ्याकडे वळली.

"आन डायव्हर, तुझ्या बाईचं नाव काय व्हतं?"

"कुणाचं?"

"ह्या छत्रीवालीचं. म्या तिला बी बाईच म्हणायचे. एवढ्या बाजारी बोलले, पर नाव कदी इचारलं न्हाई."

"छाया," मी म्हटलं.

"छाया." तिने सावकाश म्हटलं. "तिचं बी पान वाढीन."

"मावशी, आमच्यात नाही तसलं. आम्ही पितरं घालत नाही."

"तुमच्यात नसंल. माझ्यात हाय. तू नको वाढू. म्या वाढते. तुला काय अडचण?"

मला काही अडचण नव्हती.

तेवढ्यात एक जण छत्रीपाशी आला आणि आधार कार्डाला मोबाईल नंबर कुठं जोडून मिळतो म्हणून विचारू लागला. नूतनने पदराने डोळे पुसले आणि पेन काढलं.

भोरला पोचलो तेव्हा समिती निघून गेली होती. विभागाचा शिपाई बंडू पायरीवर बसून समितीसाठी आणलेल्यातले उरलेले पेढे खात होता.

"या काका. लई गंमत झाली. त्या सायबानं डोकी मोजली. म्हणाला, एक कमी हाय, कुठंय? प्राचार्य लागले घाम पुसायला. मॅडम म्हणाल्या, वेल्ह्याच्या बाजारात गेलीय, उत्तर द्यायला. साहेब म्हणाला, कसलं उत्तर? तर मॅडमनी पयल्यापासून सगळं सांगितलं. त्या म्हातारीचं, वाळवीचं, समदं. प्राचार्य मधेच म्हणत्यात, सर, हा उपक्रम आता बंद हाय. मॅडम म्हणाल्या, न्हाई, आजपासून चालू हाय."

"आणि साहेब?"

"तो म्हणाला, मग नाव सापडलं का? मॅडम म्हणाल्या, न्हाई सापडलं. तर म्हणाला, सापडलं नाही हे सांगायला एवढ्या लांब पाठवली? मॅडम म्हणाल्या, हो. तेच तर शिकवतो आम्ही." बंडूने एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "मग त्यानं वहीत कायतरी लिव्हलं. काय लिव्हलं द्येव जाणे."

पुढे कळलं. विभाग या वर्षापुरता राहिला आहे. पुढच्या वर्षी पुन्हा बघणार आहेत. नाव बदललं. आता 'ग्रंथालय व माहिती व्यवस्थापन' असं आहे. ग्रंथालय राहिलं, एवढं वैष्णवीने भांडून ठेवलं. फलकावर दीपस्तंभ आहेच, तो प्राचार्यांनी काढू दिला नाही. पण खाली जागा उरली होती तिथं पेंटरकडून तिने बारीक अक्षरात लिहून घेतलं, 'विचारलेल्याचे उत्तर परत नेऊन देणे. सापडले नाही तरी जाऊन सांगणे.' त्याखाली कुणाचं नाव नाही. छायाच्या फोटोखाली फक्त तिचं नाव आहे.

सर्वपित्रीच्या दिवशी मी घरीच होतो. डाळभात केला. तिकडे डोंगरात, बाळाबाईच्या घरी, दुपारपर्यंत पानं मांडून झाली असतील. आई, बाप, दीर. कमळाबाई, मनोरमा, द्वारका. आणि मग छाया.

मी जेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता, छत्री न्यायची होती.